जाम झालेला नळ घरच्या घरी बदलता येतो तो या माणसामुळे : आट्यांचं माप ठरवणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

कारखान्यांचा पट्टा पडला की बीड जिल्ह्यातल्या गावांमध्ये पुन्हा चुली पेटायला लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार... दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन गेलेल्या टोळ्या पाच-सहा महिन्यांनी घरी परततात. कुलूप उघडतं, जाळ्या निघतात, अंगण झाडलं जातं आणि मग कुणीतरी स्वयंपाकघरातला नळ उघडायला जातं.

नळ हलत नाही.

तोटीच्या तोंडाशी पांढरा खडू साचलेला असतो. भिंतीजवळ हिरवट-तांबूस गंज चढलेला असतो. हाताने फिरत नाही, फडकं गुंडाळून फिरत नाही. शेवटी शेजारचा पाइप पाना येतो. जोर लावला की भीती एकच, तोटी निघायच्या ऐवजी भिंतीतला पाइपच फिरला तर काय? मग फरशी फोडा, भिंत फोडा, गवंडी बोलवा. पाचशेच्या नळापायी पाच हजाराचं काम.

पण समजा तोटी निघाली. मग घरातलं कुणीतरी गाडी काढतं, बीडच्या, अंबाजोगाईच्या किंवा माजलगावच्या हार्डवेअरच्या दुकानात जातं आणि म्हणतं, अर्धा इंची तोटी द्या. दुकानदार विचारत नाही की तुमच्या घरातला पाइप कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालचा, कुणी बसवलेला. तो खोक्यातून एक तोटी काढून देतो. ती घरी येते आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाइपात गपचूप बसते.

हे कसं काय होतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कारण ते कायमच होत आलंय असं वाटतं.

तर तसं नाहीये. एक काळ असा होता की एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर चढत नव्हता. तो काळ संपवला एका इंग्रज कारागिराने. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ.

अकराव्या वर्षी आई गेली

जोसेफचा जन्म 21 डिसेंबर 1803 चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावातला. मँचेस्टरला लागून असलेलं हे गाव. बाप चार्ल्स व्हिटवर्थ शाळामास्तर होता. घरात पैसा नव्हता, पण शिकणं होतं.

जोसेफ 11 वर्षांचा असताना आई वारली. बापाने पुढे धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं आणि घर विस्कटलं. पोराला लीड्सजवळच्या इडल या गावी शाळेत घातलं गेलं. तिथे दीडेक वर्षं काढली. त्याचं शालेय शिक्षण जे काही झालं ते एवढंच.

चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याला डर्बीशायरमधल्या मामा-काकांच्या पिढीतल्या एका नातेवाइकाकडे पाठवलं. त्याची सूतगिरणी होती. बेत असा की पोरगं धंदा शिकेल आणि पुढे गिरणीत भागीदार होईल. आजच्या भाषेत सांगायचं तर पोराचं सेटिंग लागलं होतं.

पण जोसेफचं लक्ष सुतात नव्हतं, सूत काढणाऱ्या यंत्रात होतं. काही वर्षांत गिरणीतलं प्रत्येक यंत्र त्याने समजून घेतलं. ते समजून घेताना एक गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. ही यंत्रं ओबडधोबड होती. भाग एकमेकांत नीट बसत नव्हते. एक तुटला तर त्याच्यासारखा दुसरा मिळत नव्हता, तो कारागिराकडून घासून घासून बसवून घ्यावा लागायचा.

1821 च्या सुमारास, 18 वर्षांचा असताना, त्याने भागीदारीवर पाणी सोडलं. थेट मँचेस्टर गाठलं आणि तिथल्या कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला.

लंडनची शाळा : मॉडस्लेचा कारखाना

1825 मध्ये त्याने फॅनी अँकर्स नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती मालवाहू नाव चालवणाऱ्याची लेक. नवरा-बायको लंडनला गेले आणि जोसेफला त्या काळातल्या सगळ्यात भारी ठिकाणी काम मिळालं, हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात.

मॉडस्ले म्हणजे लेथ मशीनच्या दुनियेतला बाप माणूस. एकोणिसावं शतक उजाडलं त्या सुमारास त्याने अचूक आटे कापणारं लेथ उभं केलं होतं. स्वतःच्या कारखान्यात तरी सगळे स्क्रू एका मापाचे असावेत हा त्याचा हट्ट होता. कारखान्याबाहेर मात्र ज्याचं त्याचं राज्य.

इथे जोसेफने एक वेगळंच खूळ डोक्यात घेतलं. त्याला एकदम सपाट पत्रा हवा होता. म्हणजे लोखंडाची अशी पाटी, जिच्यावर कुठेही उंचसखल नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण सपाट पाटी बनवायची तर ती सपाट आहे हे तपासायला आधी दुसरी सपाट पाटी लागते. ती आणायची कुठून? तोवर कारागीर दोन पाट्या एकमेकींवर घासायचे. त्यात गोची अशी व्हायची की एकीला पोट यायचं, दुसरीला खळगा पडायचा आणि दोघी एकमेकींवर झकास बसायच्या. बघणाऱ्याला वाटायचं की दोन्ही सपाट आहेत.

यावरचा उपाय होता तिसरी पाटी. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी ताडून बघायची. जिथे रंग लागेल तो उंचवटा घासायचा नाही, तर धारदार हत्याराने हलका खरवडायचा. खळगा एका पाटीशी खोटं बोलू शकतो, पण दोन पाट्यांशी एकदम बोलू शकत नाही. फेऱ्यांवर फेऱ्या करत तिन्ही पाट्या सपाट होत जातात.

ही युक्ती पूर्णपणे जोसेफची की मॉडस्लेच्या कारखान्यात आधीपासून होती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण तिचं शास्त्र जगापुढे मांडलं ते जोसेफनेच, 1840 मध्ये ग्लासगोला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत.

लंडनमध्येच तो जोसेफ क्लेमेंटच्या कारखान्यातही राबला. चार्ल्स बॅबेजचं प्रसिद्ध गणनयंत्र जिथे घडत होतं, तो हा कारखाना. त्या यंत्राच्या हजारो भागांना एकमेकांत चपखल बसायचं होतं. अचूकपणा ही चैन नाही, गरज आहे, हे शिकायला यापेक्षा चांगली जागा नव्हती.

पाटी लागली : लंडनहून आलेला हत्यार बनवणारा

1833 मध्ये जोसेफ मँचेस्टरला परतला. चोर्लटन स्ट्रीटवर जागा भाड्याने घेतली आणि धंदा सुरू केला. लंडनहून आलेला टूलमेकर अशी ओळख लावली. त्या काळात लंडनचं नाव लावलं की गिऱ्हाईक यायचं. आज आपल्याकडे पुण्याहून शिकून आलेला असं सांगतात, तसंच.

तो यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायचा. लेथ, प्लेनिंग मशीन, ड्रिल. भरीला मँचेस्टरच्या रस्त्यांसाठी त्याने 1842 मध्ये घोड्याने ओढायची झाडू मारणारी गाडीसुद्धा काढली.

आणि याच काळात त्याने ते काम हातात घेतलं, ज्याचा संबंध थेट आपल्या नळाशी येतो.

प्रत्येकाचा आटा वेगळा

आटा म्हणजे काय? एखाद्या दांड्यावर गोल गोल चढत गेलेली खाच. तिच्यात तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. एका इंचात किती आटे, आट्याचा कोन किती, आणि खोली किती. यातली एक जरी गोष्ट वेगळी असली तरी नट चढत नाही, किंवा दोन फेऱ्यांत अडकतो.

1840 च्या आधी ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. याचा अर्थ काय, हे गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. तुमच्याकडे एक यंत्र आहे, त्याचा एक बोल्ट तुटला. गावातल्या लोहाराकडे तो मिळणार नाही. शेजारच्या कारखान्यात मिळणार नाही. ज्याने यंत्र विकलं त्याच्याच दारात जायचं, तो सांगेल तेवढे पैसे मोजायचे आणि तो देईल तेव्हा घ्यायचं. तो कारखाना बंद पडला असेल तर विषय संपला.

थोडक्यात, यंत्र तुमचं, पण किल्ली त्याची.

जोसेफने यावर काय केलं? नवीन, हुशार, सगळ्यात भारी आटा शोधून काढला का? नाही. त्याने देशभरातल्या कारखान्यांमधून स्क्रू-बोल्ट गोळा केले. एकेक मोजला आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन आला 55 अंश. तोच पक्का केला. आट्याचं टोक आणि तळ दोन्ही गोल ठेवायचे, म्हणजे ते लवकर झिजत नाहीत आणि तुटत नाहीत. मग जाडीप्रमाणे तक्ता केला. पाव इंची बोल्टला इंचात 20 आटे, अर्धा इंचीला 12, एक इंचीला 8.

1841 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे त्याने हा निबंध वाचला.

त्याची खरी हुशारी या सरासरीत होती. कुणा एका कारखान्याचा आटा निवडला असता तर बाकीचे रुसले असते. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडंसंच बदलावं लागणार होतं आणि कुणीच जिंकलेलं नव्हतं. आधी रेल्वे कंपन्यांनी हा आटा उचलला, मग बाकीच्यांनी. पुढच्या 20 वर्षांत ब्रिटनमध्ये व्हिटवर्थचा आटा हाच आटा झाला.

विशेष म्हणजे 1845 मध्ये रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कंपनीकडून स्क्रूने दाबून बंद होणाऱ्या तोटीचं पेटंट आलं. मूठ फिरवली की आतला दांडा आट्यांवरून खाली उतरतो आणि तळाचा वायसर पाण्याचं तोंड दाबून धरतो. आपल्या घरातला साधा नळ अजूनही याच तत्त्वावर चालतो. म्हणजे नळात दोन ठिकाणी आटे आले. एक आत, पाणी अडवायला. एक मागे, भिंतीतल्या पाइपात बसायला.

एका इंचाचे दहा लाख तुकडे

सारखे आटे बनवायचे तर सारखं मोजता यायला हवं. त्यासाठी व्हिटवर्थने मोजमापाचं एक यंत्र बनवलं, जे एका इंचाचा दहा लाखावा भाग दाखवायचं.

त्याचं गणित साधं आहे. एका स्क्रूला इंचात 20 आटे. त्या स्क्रूवर 200 दातांचं चाक. ते चाक फिरवणाऱ्या दुसऱ्या चाकावर 250 खुणा. 20 गुणिले 200 गुणिले 250, म्हणजे बरोबर दहा लाख. शेवटच्या चाकावर एक खूण सरकली की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने हलतं.

एवढा बारीक फरक डोळ्याला दिसणारच नाही. म्हणून व्हिटवर्थने डोळ्यावर विसंबणंच सोडलं आणि स्पर्शावर भर दिला. मोजायच्या वस्तूला टेकून एक छोटी पट्टी अडकवलेली असायची. पकड किंचित सैल झाली की ती पट्टी खाली पडायची. पडली की माप कळलं.

1851 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे यंत्रं मांडणाऱ्यांमध्ये व्हिटवर्थने पदकांची लयलूट केली. दीड वर्ष शाळा शिकलेल्या माणसाचं नाव आता देशभर झालं होतं.

मग बंदूक आली

इथून गोष्टीला वेगळं वळण लागतं.

1854 मध्ये क्रिमियन युद्ध पेटलं होतं. ब्रिटिश सरकारला एनफिल्ड रायफली भराभर हव्या होत्या. हीच ती एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून 1857 मध्ये भारतात भडका उडाला. सरकारने व्हिटवर्थला सांगितलं, ही रायफल बनवणारी यंत्रं करून दे. तो म्हणाला की आधी मला रायफलची नळी तपासू द्या, मग यंत्राचं बघू.

तपासता तपासता त्याने आपली वेगळीच रायफल बनवली. नळी आतून गोल नाही, तर षटकोनी, पीळ दिलेली. 1857 च्या चाचण्यांत ती लांबच्या नेमबाजीत एनफिल्डला भारी पडली. 1860 मध्ये विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धेचं उद्घाटन झालं, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी व्हिटवर्थ रायफलीतूनच झाडली. 400 यार्डांवरून. रायफल स्टँडवर बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली आणि गोळी मध्यावर लागली.

तरीही ब्रिटिश लष्कराने ही रायफल घेतली नाही. ती महाग होती आणि बारीक नळीत दारूची काजळी लवकर साचायची. मग तिला गिऱ्हाईक मिळालं अटलांटिकपलीकडे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या फौजांनी निवडक नेमबाजांच्या हाती ही रायफल दिली.

ज्या अचूकपणाने नट आणि बोल्ट एकमेकांत बसवले, त्याच अचूकपणाने माणसं लांबून टिपली जाऊ लागली. व्हिटवर्थचं चरित्र सांगताना हा भाग वगळता येत नाही. आयुष्याची पुढची बरीच वर्षं त्याने तोफा, बंदुका आणि त्यासाठी लागणारं मजबूत पोलाद यांच्यातच घातली.

पैसा कुठे गेला

1869 मध्ये त्याला सरदारकी मिळाली, सर जोसेफ झाला. 1870 मध्ये फॅनी गेली. पुढच्याच वर्षी त्याने मेरी लुईसा ऑरेल हिच्याशी लग्न केलं. दोन्ही लग्नांतून मूल नव्हतं.

पण त्याच्या आधीच त्याने एक मोठं काम केलं होतं. 1868 मध्ये यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. 30 शिष्यवृत्त्या, प्रत्येकी वर्षाला 100 पौंड. ज्याला पुस्तकी ज्ञान आहे त्याला हातकाम यावं आणि ज्याला हातकाम येतं त्याला पुस्तकी ज्ञान मिळावं, ही त्यामागची कल्पना होती. स्वतःची शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने आपली कमतरता अशी भरून काढली. व्हिटवर्थच्या नावाच्या शिष्यवृत्त्या आजही चालू आहेत.

1874 मध्ये त्याने आपल्या कारखान्याची लिमिटेड कंपनी केली आणि हाताखालच्या माणसांनाही शेअर घेता येतील अशी सोय ठेवली.

म्हातारपणी हिवाळा बाधायचा, म्हणून तो दक्षिणेकडच्या उबदार गावी जायचा. 22 जानेवारी 1887 ला माँटे कार्लो इथे तो वारला. संपत्तीचा मोठा वाटा त्याच्यामागे लोकांसाठी गेला. मँचेस्टरची व्हिटवर्थ आर्ट गॅलरी त्यातूनच उभी राहिली.

नट-बोल्टमध्ये हरला, नळात टिकला

व्हिटवर्थचा आटा जगभर चालला का? नाही. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी वेगळा आटा सुचवला. कोन 60 अंशांचा. त्याचं म्हणणं असं की 55 अंशांचा गोल टोकाचा आटा कापायला अवघड आहे, साध्या कारागिराला जमला पाहिजे. अमेरिकेने तो घेतला.

हा 5 अंशांचा फरक दुसऱ्या महायुद्धात फार महागात पडला. अमेरिकेचे बोल्ट ब्रिटिश रणगाड्यांना बसेनात, ब्रिटिश नट अमेरिकी इंजिनांवर चढेनात. शेवटी 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एकच आटा ठरवला. तो होता 60 अंशांचा. पुढे मिलिमीटरचे आटे आले, तेही 60 अंशांचेच. नट-बोल्टच्या दुनियेतून व्हिटवर्थ हळूहळू बाहेर पडला.

पण पाइपांनी त्याला सोडलं नाही.

कारण उघड आहे. बोल्ट बदलता येतो. भिंतीतला, जमिनीतला, अख्ख्या शहराखालून गेलेला पाइप उपटून काढता येत नाही. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईला आलं. पुढे ब्रिटिश कारखान्यांचे पाइप, व्हॉल्व्ह, तोट्या देशभर पोचल्या आणि त्यांच्यासोबत 55 अंशांचा आटाही आला. बीडच्या खजाना विहिरीचं पाणी सोळाव्या शतकापासून जमिनीखालच्या वाटेने नुसत्या उतारावर वाहत आलंय, त्याला ना आटा लागला ना तोटी. पण दाबाचं पाणी घराघरात न्यायचं तर जोड लागतो आणि जोड म्हटलं की आटा आला.

भारताने 1956 मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. कापड मीटरने, दूध लिटरने सुरू झालं. नळ मात्र अर्धा इंचीच राहिला. आपल्याकडे पाइपांच्या आट्यांचं जे मानक आहे, आयएस 554, त्यातही कोन व्हिटवर्थचाच, 55 अंश. अर्धा इंची आट्यात इंचाला 14 आटे.

गंमत म्हणजे या अर्धा इंची आट्यात अर्धा इंच कुठेच नाही. पट्टी लावली तर बाहेरून साधारण 21 मिलिमीटर भरतात. अर्धा इंच हे जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीचं माप. पाइप बदलले, नाव राहिलं.

अमेरिकेतल्या लेकाने हौसेने तिकडची तोटी आणली, तर घोळ इथेच होतो. तिकडच्या अर्धा इंचीलाही इंचात 14 च आटे असतात, पण कोन 60 चा. थोडी चढते, बसल्यासारखी वाटते आणि मग गळत राहते.

मग जाम झालेला नळ काढायचा कसा?

आधी तो जाम का होतो ते बघू. बीड जिल्हा बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलाय. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी सुकतं, क्षार मागे राहतात, तोच तो पांढरा खडू. त्यात तोटी पितळेची आणि जुना पाइप लोखंडाचा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यातलं लोखंड लवकर गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आट्यांमधली फट गच्च भरून टाकतो. घर पाच-सहा महिने बंद राहिलं की हे सगळं वाळून दगड होतं.

म्हणून जोर लावण्याआधी वेळ द्यायचा.

टाकीचा कॉक बंद करा आणि दुसरा नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात फडकं भिजवून जोडाभोवती गुंडाळा, तासभर तरी राहू द्या. क्षार सुटतील. मग जोड पुसून गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि शक्यतो रात्रभर ठेवा.

सकाळी दोन पाने घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. एका पान्याने भिंतीतला सॉकेट घट्ट धरायचा, दुसऱ्याने तोटी फिरवायची. एकाच पान्याने जोर लावला की भिंतीतला पाइप पिळवटतो आणि मग ते पाच हजाराचं काम निघतं. सॉकेट पूर्ण भिंतीत असेल आणि धरायला जागाच नसेल, तर हट्ट न करता प्लंबरला बोलावलेलं बरं.

तोंड नळाकडे करून उभं राहिलं की घड्याळाच्या उलट दिशेने तोटी सुटते. सुटत नसेल तर आधी अगदी किंचित आवळून बघा, मग सोडवा. आवळताना आतला गंज तडकतो. करकर आवाज आला की समजायचं, सुटला. झटका देऊ नका, सावकाश दाब वाढवा. भिंतीत प्लॅस्टिकचा पाइप असेल तर आच अजिबात दाखवू नका.

तोटी निघाली की पाइपातले आटे तारेच्या ब्रशने साफ करा. पूर्वी नव्या तोटीच्या आट्यांवर सफेदा आणि धागा लावायचे, आता टेफ्लॉन टेप मिळते. ती घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे तोटी बसवताना उलगडत नाही. आधी हाताने चढवायची. हाताने दोन-तीन फेरे सरळ गेली तर आटे जुळले. मग पाना.

आणि जुळतातच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीत पाइप घातला, ही तोटी कुठल्या तरी वेगळ्याच गावच्या कारखान्यात बनली. या दोघांची कधी भेट नाही, बोलणं नाही. तरी इंचाला 14 आटे, कोन 55 अंश.

टाकीचा कॉक उघडला की नव्या तोटीतून आधी हवा येते, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. तोवर चुलीवरचं आधण उकळायला लागलेलं असतं.